मर बंत्री

टिंबर मार्केटात, रतनशी शेठच्या वखारीत
मी एकोणीस वर्षं घनफूट लिहिते.
घेर, लांबी, जात:
सागवान, आईन, किंजळ, नाना.
नाना हे लाकडाचंही नाव आहे, हे समोरच्या वखारीतल्या नानांना
आजवर आवडलेलं नाही.

ईराप्पा आला संकेश्वरच्या पुढून कुठूनतरी.
पहिल्याच दिवशी गेटावरून ओरडला,
"मर बंत्री, मर!"

माझं पेन थांबलं.
आमच्या गल्लीत हा शब्द नळावर असतो, कॅरमवर असतो,
रिक्षावाला रिक्षावाल्याला तो प्रेमानं देतो.
माझ्यापुरता बंद आहे.
एकदाच वापरला होता, धाकट्यावर,
सायकलच्या किल्लीवरून.
सायकल पुलाखाली सापडली.
किल्ली घरात आहे.

दगडू हमाल म्हणाला, "अक्का, झाड म्हणतोय त्यो.
त्येंच्यात मर म्हंजे झाड."

ट्रक मागं मागं घेत आत आला.
आडवी झाडं, साखळीनं आवळलेली,
सालीवरच्या मुंग्या अजून कामावर.
वखारीच्या गेटात उभं राहून
मला दोन्ही अर्थ पटले.
फरक एवढाच, की आपण तो शब्द
र वर आपटून बंद करतो.
त्याच्या मर ला शेवटी एक दार असतं,
किलकिलं.

मग चहा.
गंगावेशीतलं दूध, वर बोटभर जाड थर.
मी चमचा पुढं केला,
"ईराप्पा, साय?"
त्याच्या बशीत चहा सांडला.

पुन्हा दगडूच. पण आता हसत नव्हता.
त्येंच्यात साय म्हंजे,
आपण मर म्हणतो ना अक्का, ते.

म्हणजे मी एका परक्या माणसाला
पहिल्या दिवशी, अदबीनं, चमचा धरून
मरतोस का विचारलं होतं.
तो चमच्याकडं बघत राहिला. मग कप सरकवला:
"हाक्री, स्वल्प."
घाला, थोडीशी.

शेठची मणिफोई तेव्हा होती.
चाळीस वर्षं मोंबासात काढून आलेली,
करवतीच्या आवाजात खुर्ची टाकून बसायची
आणि कुणी रेंगाळलं की ओरडायची,
"मारा मोजा!"
तिचा ज टाळूवरचा, आपला दातांमागचा,
पण भुश्शाच्या धुरळ्यात ज कोण बघतो?
दगडू ओंडक्याच्या तोंडावर शिक्क्याचा घण मारायचा,
ईराप्पा टेप ताणून मोजायचा,
मी लिहायची.
तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ 'ताबडतोब' होतो
हे कळलं तिच्या तेराव्याला, नैरोबीच्या भाच्याकडून.
बारा वर्षं आम्ही चुकीचं ऐकलं
आणि एकही ट्रक खोळंबला नाही.

परवा मागच्या भिंतीशी
पांगाऱ्याचा एक ओंडका फुटला.
हलकं लाकूड, कुणी उचलत नाही,
दोन वेळा जाऊन परत आलेला माल.
पोपटी, एका देठाला तीन पानं,
करवतीच्या कापापासून चार बोटांवर.
ईराप्पा आता साठीचा. मराठी माझ्याहून रांगडी बोलतो,
शिव्यांसकट.
पण मला हात धरून तिकडं नेलं
आणि म्हणाला, अगदी बारीक आवाजात,
"अक्का, मर."

रजिस्टरात त्याच्या ओळीवर माझीच लाल रेघ होती,
गेल्या वर्षीची. शेरा: बाद.
खोडलेलं परत कसं खोडायचं
हे कुठल्याच हिशेबात शिकवत नाहीत.
मी पान तसंच ठेवलं.

रात्री घरी, भांडी झाल्यावर,
फळीवरच्या डब्यातून किल्ली काढली.
गंज हाताला लागला.
कुणी नव्हतं. म्हणून बघितला तो शब्द,
तेहतीस वर्षांनी,
आणि शेवटचा अ
ईराप्पा ठेवतो तसा
थोडा वेळ उघडा ठेवला.